चुकीचं घर सांगणारा

‘सर्वर डाऊन आहे’ हे वाक्य माझ्या दुकानात कोणी उच्चारलं की माझं डोकं फिरायचं. आमच्या जिल्ह्यात या तीन शब्दांची मोठी सोय आहे. दाखला मिळाला नाही, सर्वर डाऊन. फॉर्म राहिला, सर्वर डाऊन. ऐकणारा मान हलवतो, पिशवी उचलतो आणि उद्या परत येतो. पाऊस पडला नाही म्हणून कोणी आभाळाशी भांडत नाही, तसं सर्वरशीही कोणी भांडत नाही. पण दहातल्या आठ वेळा सर्वर मजेत असतो आणि खुर्चीवर बसलेल्या माणसाला काम येत नसतं, हे माझं ठाम मत होतं. माझं नाव गुणवंता. दरेकसा स्टेशनसमोर माझं ऑनलाइन केंद्र आहे. गेल्या ऑगस्टपर्यंत माझ्या केंद्रात सर्वर एकदाही डाऊन झाला नव्हता.

त्याच्या आदल्या वर्षी तर कमाल झाली होती. प्रवेशाची गर्दी आणि सगळ्या तालुक्यात पोर्टल उघडेना. एकट्या माझ्या दुकानात ते उघडत होतं. सालेकस्याहून लोक रेल्वेने माझ्याकडे आले. मी तेव्हा एक युक्ती केली होती. ती काय, ते पुढे येईलच. त्या दिवसापासून लोक मला ‘मास्तर’ म्हणायला लागले, आणि खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं.

गेल्या ऑगस्टमधल्या त्या सोमवारी सकाळी सव्वादहाला मनिराम आला. हा वरच्या टोल्यावरचा, म्हणजे वाडीवरचा माणूस. पावसाळ्यात लोकांच्या बांधीत, धानाच्या शेतात, रोवण्याची मजुरी करतो, एरवी जंगलकामावर जातो. सायकलच्या मागे त्याची मुलगी रेणू होती, मांडीवर कागदांची पिशवी आणि डब्यात दुपारचा भात. बारावी सायन्सला तालुक्यात नाव काढलेली पोरगी. जूनमध्ये तिचा नर्सिंगचा फॉर्म मीच भरला होता आणि दुसऱ्या फेरीत तिला नागपूरच्या सरकारी कॉलेजात जागा लागली होती. ही फेरी शेवटची होती. त्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत पोर्टलवर जाऊन ‘प्रवेश मान्य’ हे बटण दाबायचं होतं. दाबलं नाही तर जागा पुढच्या नावाला जाणार होती.

“होऊन जाईल न, मास्तर?” मनिरामने विचारलं.

“दहा मिनिटाचं काम आहे, मनिरामभाऊ. बसा.”

रेणू बसली नाही. “काका, पयले अंगठा येते का पाहा.”

त्याचं कारण होतं. तिच्या आधारला जोडलेला मोबाइल नंबर कधीचाच बंद पडला होता, त्यामुळे ओटीपी येण्याचा प्रश्नच नव्हता. बटण दाबल्यावर मशीनवर अंगठा लावावा लागणार होता, तोही तिचाच, कुठल्यातरी केंद्रात हजर राहून. आणि रोवण्याच्या दिवसांत आमच्याकडे अर्ध्या लोकांचे अंगठे मशीन घेत नाही. चिखलात दिवसदिवसभर हात राहिले की बोटांच्या रेघा पुसट होतात. रेशन दुकानात रोज हा तमाशा चालतो. म्हणून रुख्माने, रेणूच्या आईने, पोरीला गेले आठ दिवस बांधीत पाऊल ठेवू दिलं नव्हतं. भांडीही घासू दिली नव्हती. रोज रात्री अंगठ्याला खोबरेल तेल चोळून ठेवलं होतं.

मी मशीन जोडलं. रेणूने अंगठा कुर्त्याच्या कडेला पुसला आणि काचेवर ठेवला. हिरवा दिवा पहिल्याच झटक्यात लागला. मनिराम हसला. “आठ दिवसापासून राखून राहिली जी ते अंगठा,” तो म्हणाला.

मग मी पोर्टलचं नाव टाकलं आणि चकती गोल गोल फिरत राहिली. शेवटी पाटी आली: साइट उघडता येत नाही.

पुन्हा केलं. तीच पाटी. दुसरा ब्राउझर उघडला, तरी तीच. बातम्या उघडत होत्या, रेल्वेची वेळ उघडत होती, केंद्रचालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप चालत होता. ग्रुपवर विचारलं, ‘प्रवेशाचं पोर्टल चालू आहे का?’ गोरेगावहून उत्तर आलं, मस्त चालू. देवरीहून आलं, चालू. सालेकस्याच्या केंद्रातल्या पोराने तर हसरा चेहरा पाठवला आणि लिहिलं, ‘काऊन मास्तर, तुमचा सर्वर डाऊन आहे का?’

तो हसरा चेहरा मला झोंबला. त्या दिवसाचं वाटोळं तिथूनच सुरू झालं, हे मी आज कबूल करतो.

मनिराम खुर्ची ओढून जवळ आला. त्याला समजावं म्हणून, आणि जरा भाव खावा म्हणूनही, मी सांगायला लागलो. “हे पाहा भाऊ, कंप्युटरले नाव नाही समजत, त्याले नंबर लागते. आपल्या गावात नवीन मानूस आला आन शालीकरामचं घर कोनतं म्हनून विचारलं, त कोनीतरी सांगते न? तसा इंटरनेटवर नाव आयकून घराचा नंबर सांगनारा असते. त्याले डीएनएस म्हनते.”

“मंग तो चुकीचं घर सांगून राहिला का?”

“तसंच वाटते. त्याले बदलून टाकतो.”

मी काळी खिडकी उघडून पोर्टलच्या नावाला पिंग मारला, म्हणजे हाक दिली. नावाच्या जागी नंबर येत होता, पण त्या नंबराच्या घरात कोणी ओ देत नव्हतं. चारही हाका वाया. म्हणजे माझा अंदाज बरोबर होता, सांगणारा जुनं किंवा भलतंच घर सांगत होता. मी कंप्युटरने लक्षात ठेवलेले सगळे पत्ते पुसून टाकले. पुन्हा पिंग मारला. तोच नंबर. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये गेलो, आपोआप मिळणारा डीएनएस काढला आणि बाहेरच्या सांगणाऱ्याचा, चार आठांचा तो प्रसिद्ध पत्ता हाताने भरला. तोच नंबर. दुसरा भरला, चार एकांचा. तोच नंबर. कंप्युटर बंद करून चालू केला. राउटरची वायर काढून दहा आकडे मोजले आणि परत लावली. तोच नंबर.

इथेच माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. तीन-तीन वेगळ्या माणसांना विचारून पाहिलं आणि तिघांनीही अक्षरशः एकच चुकीचं घर सांगितलं, असं कधी होतं का? पण माझं डोकं तेव्हा सालेकस्याच्या त्या हसऱ्या चेहऱ्यात अडकलं होतं.

मी टिकेशला फोन लावला. टिकेश माझा शाळेतला मित्र, गोंदियाला राहतो, बँकांचे कंप्युटर सांभाळतो. या कामात माझा गुरू म्हणा. पण बँकेत शिरताना त्याला मोबाइल बाहेर जमा करावा लागतो. फोन बंद होता.

एक वाजून दहा मिनिटांनी रेणू दारातून स्टेशनकडे पाहत म्हणाली, “काका, गोंदियाची लोकल येऊन राहिली. सालेकसा पुढचंच स्टेशन आहे. आमी तिथं जाऊन करून घेऊ का?”

अगदी साधा, सरळ प्रश्न. मलाही ठाऊक होतं की सालेकस्याला पोर्टल चालू आहे. वीस मिनिटांत ती तिथे खुर्चीवर बसली असती. आणि त्या पोराने विचारलं असतं, काऊन, दरेकश्याच्या मास्तरकडून नाही झालं का?

“तिथं गर्दी असन,” मी म्हणालो. “आन इथं झालंच आहे समज. धीर नाही का तुले दहा मिनिटं?”

मी जरा मोठ्यानेच बोललो. रेणूने बापाकडे पाहिलं.

“मास्तर म्हनते त बस न बाई,” मनिराम म्हणाला. “त्यायले समजते.”

गाडी आली, दोन मिनिटं थांबली आणि गेली. मी मान वर केली नाही.

मोबाइलचं नेट कंप्युटरला जोडून पाहिलं. टॉवरची एक काडी येत-जात होती, पोर्टल उघडलं नाही, म्हणून मी रेंजला शिव्या दिल्या. व्हायरस पाहिला. तारीख-वेळ पाहिली. अडॅप्टर बंद केलं, चालू केलं, काढून परत बसवलं. एकेक पायरी झाली की पिंग मारायचा आणि तो मुडदा नंबर परत यायचा. तो नंबर मला पाठ झाला. दुपारचे अडीच वाजले तेव्हा दोघांनी डबा उघडला. मनिरामने झाकणात भात काढून माझ्यासमोर सरकवला. मी त्याच्याकडे पाहिलंही नाही. भाताला मुंग्या लागल्या.

तीन वाजता माझी हिंमत सुटली. “भाऊ, सालेकस्याले जाऊन पाहता का?” मी म्हणालो. पण आता जायचं कशाने? पुढची गाडी पावणेसहाला. माझी स्कूटी आमगावला मेकॅनिककडे उघडून पडलेली. फाट्यावरची एसटी अडीचलाच निघून गेली होती. मनिराम मोटारसायकल मागायला गावात गेला. अर्ध्या तासाने चिखलाचे पाय घेऊन परत आला.

“कोनीच नाही जी गावात. सारे बांधीत आहेत. चुन्नीलालची गाडी घरी होती, पन चाबी त्याच्या खिशात आन तो पार नाल्यापल्याड.”

“सायकलनं?”

“डबलसीट घाट चढा लागते. दोन तास त लागतेच.” तो खुर्चीवर टेकला. “तुमी करा न, मास्तर. होते तुमच्याकडून.”

त्याचा हा विश्वास मला सहन होत नव्हता. रेणू माझ्या मागे उभी राहून पडद्याकडे पाहत होती, उजव्या हाताची मूठ करून, अंगठा आत घेऊन. “मागं नोको उभी राहू!” मी खेकसलो. ती बाकावर जाऊन बसली. मला लाज वाटली, पण माफी मागायलाही वेळ नव्हता, म्हणजे तसं मी स्वतःला सांगितलं.

चार वाजले. साडेचार. मी आता काही विचाराने करत नव्हतो. केलेल्याच गोष्टी पुन्हा करत होतो. डीएनएस परत आपोआप वर ठेवला, परत हाताने भरला, परत पुसला. हात आपोआप चालत होते आणि मन बाजूला बसून रडत होतं. टिकेशला सतरा फोन झाले. पाचला दहा कमी असताना मनिराम उठून भिंतीवरच्या गणपतीच्या कॅलेंडरला हात जोडून उभा राहिला. मी घड्याळाकडे पाहणं सोडून दिलं. पाच कधी वाजले ते रेणूच्या श्वासावरून कळलं.

बाहेर पाऊस भुरभुरत होता.

“कधी कधी टाइम वाढवून देते म्हनते,” मनिराम थोड्या वेळाने म्हणाला. “थांबू का जी, जराक?”

“थांबा,” मी म्हणालो.

पाच वाजून बारा मिनिटांनी टिकेशचा फोन आला. “अरे सतरा मिस कॉल? क्या हो गया भाई?” मी सगळं सांगितलं. रडकुंडीला आलो होतो, लपवलं नाही.

“एक काम कर,” तो म्हणाला. “पिंग नको मारू. एनएसलुकअप टाक आणि पोर्टलचं नाव लिही.”

टाकलं. पडद्यावर नंबर आला. हा नंबर वेगळा होता. दिवसभरात पहिल्यांदा वेगळा.

“वाच,” टिकेश म्हणाला. मी वाचला. “बरोबर आहे. शनिवारी पोर्टल नव्या सर्वरवर हलवलं ना, हा नवा पत्ता. म्हणजे डीएनएस तुला बरोबरच सांगतोय. सुबह से बरोबरच सांगत असेल.”

“मंग पिंगमधी जुना कुठून येऊन राहिला?”

“एनएसलुकअप थेट डीएनएसला विचारतं. बाकी सगळा कंप्युटर आधी आपल्या खिशातली चिठ्ठी पाहतो. चिठ्ठीत नाव सापडलं तर बाहेर विचारतच नाही. होस्ट्स फाइल, म्हणजे ती चिठ्ठी, उघड. तूने कभी उसमें कुछ लिखा था क्या?”

फाइल उघडायच्या आधीच मला आठवलं होतं.

आदल्या वर्षीची ती युक्ती. लाइनवरचा डीएनएस तेव्हा गर्दीने बसला होता, नाव विचारलं तर कोणी पत्ताच सांगत नव्हतं. ग्रुपवर कोणीतरी पोर्टलचा नंबर टाकला आणि मी तो माझ्या कंप्युटरच्या होस्ट्स फाइलमध्ये हाताने लिहून टाकला. कोणाला विचारायची गरजच नाही. तालुका बोंबलत होता आणि माझं दुकान धावत होतं. काम झाल्यावर ती ओळ काढायची असते. मी काढली नाही. उलट तिच्याखाली रोमन अक्षरांत लिहून ठेवलं होतं: गुणवंता मास्तर, ही ओळ काढू नये.

नोटपॅडमध्ये फाइल उघडली. ओळ तशीच होती, तो मुडदा नंबर आणि खाली माझं नाव. रेणू कधी मागे येऊन उभी राहिली ते मला कळलं नाही. या वेळी मी तिला हाकललं नाही.

मी ओळ पुसली. फाइल जतन केली. पोर्टलचं नाव टाकलं आणि पान डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडलं. रेणूने तिचा नंबर आणि पासवर्ड सांगितला. आत तिचा फोटो, तिचं नाव, नागपूरचं कॉलेज. खाली ‘प्रवेश मान्य’ हे बटण राखाडी झालेलं आणि त्याच्या बाजूला लाल अक्षरं: मुदत संपली आहे. सकाळपासून अडलेल्या या कामाला दहा सेकंद लागले. मुदत वाढल्याची कुठे काही सूचना नव्हती. मी तीनदा शोधली.

टिकेश फोनवर “हॅलो, हॅलो” करत होता. मी फोन ठेवला.

मनिराम बाकावरून उठला. “सापडला का जी,” त्याने विचारलं, “तो चुकीचं घर सांगनारा?”

मी तोंड उघडायच्या आत रेणू बोलली. “सर्वर डाऊन होता, बा.”

मी तिच्याकडे पाहिलं. तिने ओळ वाचली होती. खाली लिहिलेलं माझं नाव वाचलं होतं. तिची नजर पडद्यावरून हलत नव्हती. त्या क्षणी गप्प बसणं फार सोपं होतं, आणि क्षणभर मी गप्प बसलोही. मग म्हणालो, “नाही, मनिरामभाऊ. सर्वर चांगला होता. चुकीचं घर मीच लिहून ठेवलं होतं, मागच्या साली. आन गाडी आली तवा तुमाले जाऊ मीच नाही देल्लं. पोरीची जागा माझ्यानं गेली.”

मनिरामने शांतपणे ऐकून घेतलं. मला वाटलं, आता बोलेल. शिवी देईल, कॉलर धरेल. मनापासून सांगतो, त्याने धरावी असं मला वाटत होतं. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“तुमी सकाळपासून दाना नाही खाल्ला, मास्तर. मी पाहून राहिलो न. दुसऱ्याचा दोष तुमी कायले आंगावर घेता? सर्वरले कोनी काही करू शकते का?”

“भाऊ, आयका तरी माझं...”

“राहू द्या जी.” त्याने मान हलवली आणि पिशवी उचलली.

तो सायकल काढायला बाहेर गेला. रेणू टेबलावरचे कागद एकेक करून गोळा करत होती. मी हळू आवाजात विचारलं, “तू खोटं काऊन बोलली बाई? तुले त दिसलं होतं.”

तिने बारावीची मार्कलिस्ट प्लास्टिकमध्ये सरकवली. आवाजात राग नव्हता, हिशेब होता. “पुढच्या साली फार्म भराले कुठं जाऊ, काका? इथं तुमीच त आहा. बा तुमच्यावर रागावला त मले परत आनन नाही.”

मशीनवरचा हिरवा दिवा अजून लुकलुकत होता. मी वायर काढली.

पाऊस थांबला होता. मनिराम सायकलचं सीट पंच्याने पुसत होता. रेणू मागे बसली, पिशवी मांडीवर घेतली आणि दिवसभर मिटलेली मूठ उघडून तिने हात सीटच्या लोखंडावर ठेवला.

“बा,” ती म्हणाली, “मायले सांगजो, उद्यापासून रोवण्याले मी बी येतो. आता अंगठा राखाचं काही काम नाही.”